मे खामच्या मागावरचा धागा

भैय्यालालांच्या हाताइतका साफ हात अख्ख्या पवनीत नाही, हे पवनीतल्या बऱ्याच लोकांना ठाऊक होतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांना भैय्यालाल स्वतः सांगत. त्यात खोटंही काही नव्हतं. कोसा म्हणजे टसर रेशीम असो की सूत, त्यांनी विणलेल्या थानावरून हात फिरवला की तो कुठे अडायचा नाही. मागावर धागा तुटला तर दोन टोकं बोटांत धरून अशी वळायचे की तो तुटला होता हे धाग्यालाही आठवू नये. "माही जोड आजवर कोनाले सापडली नाही," हे त्यांचं वाक्य घरात दिवसाआड तरी व्हायचंच. कोपऱ्यात चरख्यावर कांड्या भरत बसलेल्या शोभाताई त्यावर काही बोलत नसत. एकतीस वर्षं ऐकलेल्या वाक्यावर बोलणार तरी काय?

त्यांची मुलगी दामिनी. नागपूरला चित्रकला शिकली, तिथेच दोन वर्षं नोकरी केली, आणि एक दिवस येऊन म्हणाली की भंडाऱ्यात बसस्टँडमागच्या गल्लीत एक गाळा घेतला आहे. त्यात ती हातमागाचं कापड विकणार, पण नेसायला नाही, भिंतीवर लावायला.

"कपडा भिताडाले नेसवतं काय?" भैय्यालाल म्हणाले.

"चित्र लावते ना बाबा लोक? तसाच कपडा. खाली विननाऱ्याचं नाव."

नावाचं ऐकून भैय्यालाल जरा मऊ पडले. पण पोरीच्या डोक्यात एवढंच नव्हतं. एका भिंतीवर पवनीचा कोसा आणि समोरच्या भिंतीवर दूरदेशीचं कापड, तेही असंच नदीकाठी, असंच धानाच्या बांध्यांशेजारी बसून विणलेलं, असं तिला हवं होतं. दोन्ही समोरासमोर असली की माणसं थांबून बघतील, असं तिचं म्हणणं. गल्लीतल्या सुलोचनाबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "कपड्याच्या गावाले कपडा आनाले परदेशात जाते म्हने पोरगी!" पण पोरगी ऐकणाऱ्यातली नव्हती. बापावर गेली होती.

लाओसमधल्या एका बाईंनी विणलेलं कापड तिने फोनवर पाहिलं होतं. लाल रेशमी पट्टा, त्यात पांढऱ्या धाग्यांचे नाग आणि होड्या. बाईंचं नाव खाम. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मे' म्हणतात, म्हणजे आई, म्हणून मे खाम. त्यांच्या गावची नोय नावाची एक मास्तरीण इंग्रजी जाणत होती. तिच्यामार्फत दामिनी वर्षभर निरोप पाठवत राहिली. मे खामने त्याआधी दोन व्यापारी दारातूनच परतवून लावले होते, म्हणून दामिनीचा जीव टांगणीला. शेवटी एक निरोप आला: ये. पण तुमच्या घरात जे कोणी विणतं त्याला घेऊन ये. मला विणणाऱ्याशी बोलायचं आहे, विकणाऱ्याशी नाही.

दुकान गुढीपाडव्याला उघडायचं होतं. एक भिंत तयार होती, दुसरी कोरी. ती भरायची तर मे खामचा होकार हवा होता, आणि दुसरं कापड दामिनीच्या मनात भरतच नव्हतं. म्हणून दोन तिकिटं निघाली, एक दामिनीचं, एक भैय्यालालांचं. शोभाताईंना न्यावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. खुद्द शोभाताईंच्याही नाही. त्या डबे भरण्यात गुंतल्या होत्या.

भैय्यालालांनी बॅगेत दोन किलो तांदूळ घातला. दामिनीने कपाळावर हात मारला. "बाबा, तो भाताचाच देश आहे!"

"असू दे. नाही मानवला तिथला तं?"

तांदूळ गेला. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्या मात्र नागपूरच्या विमानतळावर दामिनीने काढून घेतल्या, आणि कलकत्ता येईपर्यंत भैय्यालाल तिच्याशी बोलले नाहीत. पुढे बँकॉक, तिथून आणखी एक लहान विमान, मग चार तास गाडी. एवढा प्रवास झाल्यावर खिडकीतून बघतात तर काय, धानाच्या कापलेल्या बांध्या, बांधावर म्हशी, आणि बाजूने मातकट नदी. "हे तं आपल्या पवनीच्या मांगंच उतरवून देल्लं आपल्याले," ते म्हणाले आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले.

मे खामचं घर उंच खांबांवर उभं होतं. वर राहायचं, खाली मोकळ्या सावलीत माग. साठीची बाई, ताठ कण्याची, केसांचा अंबाडा. तिने दोघांना पाहिलं, हसली, मग त्यांच्या पाठीमागे रस्त्याकडे बघत राहिली. नोयला काहीतरी विचारलं.

"विणणारी मागून येते आहे का, असं विचारताहेत," नोयने दामिनीला इंग्रजीत सांगितलं.

दामिनीने बापाकडे बोट केलं. मे खामने भैय्यालालांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मिशांपाशी जरा थांबली, आणि तोंडावर हात धरून जी हसायला लागली ती थांबेचना. शेजारच्या दोन बायका धावत आल्या, त्याही हसल्या. पुरुष माणूस मागावर बसतो! जिन्याखाली मासे धरायचं जाळं शिवत बसलेला मे खामचा नवरासुद्धा गालातल्या गालात हसला. भैय्यालालांना एक शब्द कळला नाही, पण आपलं स्वागत जोरात झालं असं समजून त्यांनी हात जोडले.

मग त्यांनी तो माग पाहिला आणि बाकीचं सगळं विसरले. पवनीत विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, इथे फळीवर. पण ताणा तोच, बाणा तोच, फणी तीच. मागे उभ्या दोऱ्यांत नक्षी अशी बांधून ठेवलेली की एकेक दोरा खाली ओढला की नाग आपोआप वळत जावा. ते हात मागे बांधून दहा मिनिटं नुसते उभे राहिले. "दामिनी," शेवटी म्हणाले, "ह्या बाईले सांग, मी चाळीस वर्षं माग चालवला, पन असं डोकं नाही चाललं माहं." दामिनीने सांगितलं, नोयने सांगितलं, आणि मे खाम पहिल्यांदा त्यांच्याकडे न हसता बघू लागली.

पाहुणे पवनीचे, तिथल्या टेकडीखाली बुद्धाचा जुना स्तूप आहे, हे कळल्यावर तर तिने दोन्ही हात कपाळाला लावले. मागावरचं कापडही विहारातच जायचं होतं, माघी पौर्णिमेला. म्हणजे अजून सतरा दिवस. ते संपलं की दामिनीसाठी पहिलं कापड लावते, असं ती अर्धंअधिक बोलूनही गेली. दामिनीने हळूच बापाचा हात दाबला.

जेवणात वेताच्या डबीतून भात आला. भैय्यालालांनी घास उचलला तर भाताचा गोळाच हातात आला. त्यांनी हळूच दामिनीच्या कानाशी तोंड नेलं. "बाईचा भात गिचका झाला. काही बोलू नको, बिचारीले वाईट वाटन." इथला भात असाच चिकट असतो, मुद्दाम तसाच करतात, हे दामिनीने सांगूनही त्यांना पटलं नाही. चांगल्या माणसाचा भात बिघडला तर गुपचूप खावा, म्हणून ते गुपचूप तीन डब्या खाऊन उठले.

सगळं असं रंगात आलेलं असताना भैय्यालालांनी घोळ घातला.

जेवणानंतर बायका जुनी कापडं दाखवायला दामिनीला वर घेऊन गेल्या. भैय्यालाल खाली मागाजवळ एकटे राहिले. बघतात तर लाल पट्ट्यातला एक धागा तुटून लोंबत होता. आता, रडणारं लेकरू आणि तुटलेला धागा दिसला तर विणकराने तसंच पुढे जाऊ नये, असं त्यांचे वडील सांगत. पवनीत कोणाच्याही घरात शिरलेला कोष्टी बोलता बोलता तुटलेला धागा जोडून देतो. त्याला कोणी विचारत नाही, कोणी आभार मानत नाही. पाहुण्याने दारातली पडलेली चप्पल सरळ करावी तितकं ते साधं. त्यात संकोच कसला? त्यांनी मागाजवळच्या टोपलीतून वीतभर लाल रेशीम घेतलं, तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये दिलं, बोटांनी वळलं, ओढलं, आणि झालं. दोन मिनिटांचं काम. मग हात मागे बांधून कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

मे खाम खाली आली. तिची नजर मागावर गेली, लोंबणारा धागा शोधू लागली, आणि मग भैय्यालालांच्या हसऱ्या चेहऱ्यावर येऊन थांबली. तिचा चेहरा उतरला. ती ओरडली नाही. तिने वरून एक पांढरं कापड आणलं आणि मागावर टाकलं, मेलेल्या माणसावर टाकतात तसं.

नोय दामिनीला सांगताना अडखळत होती. या घराची रीत अशी की मागाला पुरुषाचा हात लागत नाही. मे खामच्या आजीपासून नाही. तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षांत एकदाही लावलेला नाही. ज्या कापडात पुरुषाचा हात आहे ते या घरातून विहारात जात नाही. तो धागा काढून टाकला, बाईच्या हाताने दुसरा घातला, तर चालेल. पण कोणता धागा?

लाल पट्ट्यात दोनशेच्या वर धागे होते, सगळे एका रंगाचे, एका जाडीचे. मे खामने ते पांढरं कापड बाजूला सारलं आणि बोटांनी एकेक धागा चाचपत गेली. एकदा. परत उलट्या बाजूने. मग शेजारणी बसल्या. तुटल्यावर जोडलेला धागा बोटाला लागतोच, असं त्या म्हणत होत्या. लागला नाही. दामिनीने हात लावून पाहिला, तिला तर सगळेच सारखे. भैय्यालालांना तीन हात लांब उभं केलं होतं. तिथून मान लांब करकरून बघितलं तरी त्यांनाही सापडेना.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ज्या जोडीवर आयुष्यभर मिशीला पीळ दिला तीच आता पोरीच्या गळ्याशी आली होती. खरं सांगायचं तर, शेजारीण तिसऱ्यांदा हार मानून उठली तेव्हा भैय्यालालांच्या पोटात खोल कुठेतरी जरासा आनंदही झाला. लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी मे खामने शांतपणे सांगून टाकलं. तुम्ही पाहुणे आहात, दोन दिवस राहा, खा. पण कामाचं आता नको. ज्या घरच्या हाताला थांबता येत नाही त्या घराशी माझं कसं जमेल?

  दामिनी पायरीवर बसून फोनमधले त्या कोऱ्या भिंतीचे फोटो बघत राहिली. भैय्यालाल तिच्या बाजूला बसले. "मी यालेच नाई पायजे होतं," ते म्हणाले. दामिनीने मान हलवली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं. त्यांना रडू आलं. मुलगी हरली तर माणूस सहन करतो, पण आपल्यामुळे हरली तर तोंड कुठे लपवावं हे कळत नाही.

सकाळी शोभाताईंचा फोन आला. रोज यायचा, तोंड दिसणारा. रोजचा प्रश्नही ठरलेला.

"जेवले काय?" मग जरा वाकून, "दामिनी, बाबाचं तोंड असं काहून दिसून राहिलं?"

दामिनी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती. पण भैय्यालालांनी फोन ओढून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. धागा, रीत, पांढरं कापड, सगळं. शोभाताई ऐकत राहिल्या.

"अन् तुमाले बी सापडून नाही राहिली?"

"नाई ना. माही जोड कोनाले सापडली आजवर?" भैय्यालाल म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचा आवाज रडवेला होता.

फोनमधून येणारी चरख्याची कुरकुर थांबली. 

"तुमी असं करा," शोभाताई म्हणाल्या, "नदीवर जाऊन या. हातपाय धुवा, बरं वाटन. फोन पोरीजवळ द्या."

भैय्यालाल निघाले. दहा पावलं गेल्यावर कळलं की आपण अनवाणी आहोत. चपला जिन्याच्या पलीकडे राहिल्या होत्या, म्हणून ते घराच्या मागून वळून आले. जिन्याखाली मे खामचा म्हातारा नवरा जाळं शिवत होता. चपला उचलायला भैय्यालाल वाकले आणि लाकडी फळ्यांपलीकडून शोभाताईंचा आवाज आला.

"गेले काय?"

"गेले."

"पक्के गेले?"

"गेले ना आई. काय झालं?"

"हे पाय, बाबाले सांगजो नको. कधीच सांगजो नको. मले त्या मागाजवळ ने अन् त्या बाईले बसव." मग त्या सांगू लागल्या, "तुह्या बाबाचा हात लय साफ आहे. पन जोडलेला धागा ते जरासा जास्तच ओढते. केसभर. बाकीचे धागे ढिले राहते, तो एकटा ताठ. बोटानं शोधाल तं गाठ शोधाल, अन् गाठ तं तिथं नाहीच. पुरा तळहात ठेवाचा, आडवा. डोळे मिटून हळूच दाबाचा. सगळे धागे खाली जाईन, एक जानार नाही. तो तुह्या बापाचा."

"तुले कसं मालूम?"

"मले नाई तं कोनाले मालूम राहीन? ते जेवाले उठले का मी रोज ढिला करतो. तसाच ठेवला तं थानावर रेघ पडते, नाई तं पुन्हा तुटते."

"रोज?"

"धागा रोज तुटते ना."

"एकतीस वर्षं? अन् बाबाले सांगतलं काहून नाही?"

 "सांगतलं असतं तं जोडताना हात भ्याला असता," शोभाताई म्हणाल्या. "भ्यालेल्या हाताले सूत जुळत नाही. अन् ढिलं कराले मले काय लागते? त्यायचं जेवन होईपर्यंत होऊन जाते."

भैय्यालाल चपला हातात धरून वाकलेलेच राहिले. आधी राग आला. एकतीस वर्षं ही बाई कोपऱ्यात बसून आपलं ते वाक्य ऐकत होती! मग लाज वाटली, कान तापेपर्यंत. मग त्यांना आठवलं की आपण जेवायला बसलो की शोभा म्हणायची, तुम्ही सुरू करा, मी आलेच. भात वाढून ती उठून जायची. इतक्या वर्षांत कुठे जाते हे आपण एकदाही विचारलं नाही. आपल्याला वाटायचं, चुलीपाशी. ज्या साफ थानांवर पवनी आपलं नाव घेते ती थानं साफ कोणी ठेवली, हे त्यांना परक्या मुलखात, चपला हातात घेऊन, फळ्यांच्या आडून कळत होतं.

मान वर केली तर म्हातारा त्यांच्याकडेच बघत होता. त्याला मराठीतलं काही कळलं नसणार. पण नवरा माणसाचं तोंड त्याला कळलं असावं. तो जरा सरकला आणि बाजूची जागा हाताने झटकून दिली. भैय्यालाल थोडा वेळ तिथे बसले. मग उठून खरोखरच नदीवर गेले, आणि बऱ्याच वेळाने परत आले.

मागावरचं पांढरं कापड निघालं होतं. एक वीतभर लाल धागा फळीवर वेगळा ठेवलेला होता आणि मे खाम विणत होती. दामिनीचा चेहरा फुलला होता.

"बाबा, सापडली!"

"कोनाले?"

दामिनी क्षणभर चाचरली. "मे खामलेच सापडली. एकदम."

"हुशार आहे बाई," भैय्यालाल म्हणाले, आणि लांबच, बरोबर तीन हातांवर, मांडी घालून बसले.

विहाराचं कापड वाचलं तसं मे खामचं मनही वळलं, आणि दुपारी बोलणी झाली. वर्षाला चार कापडं, खाली मे खामचं नाव लाओच्या आणि आपल्या, दोन्ही अक्षरांत. पहिलं कापड पाडव्याच्या आधी. सगळं ठरल्यावर मे खाम आणखी काहीतरी बोलली, आणि बोलताना दामिनीच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवत होती. नोय हसली. 

"काय म्हनते?" भैय्यालालांनी विचारलं.

"काही नाई. म्हनते..." दामिनीने बापाकडे चोरून पाहिलं. "म्हनते, मी विणनाऱ्याले आनाले सांगतलं होतं. पुढच्या खेपेले तिले आनजो."

"बरोबर म्हनते," भैय्यालाल म्हणाले. दामिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. दोन किलो तांदूळ त्यांनी मे खामच्या नवऱ्याला देऊन टाकला.

पवनीला परत आल्यावर चार दिवस पाहुण्या-रावळ्यांत गेले. सुलोचनाबाईंना चिकट भाताची गोष्ट तीनदा सांगून झाली. धाग्याची एकदाही नाही. शोभाताई मधून मधून नवऱ्याकडे निरखून बघत. हा माणूस इतका गप्प कसा? तिकडचं पाणी बाधलं की काय?

पाचव्या दिवशी भैय्यालाल मागावर बसले. दुकानाच्या भिंतीसाठी कोशाचं शेवटचं थान लावलेलं होतं. दहा वाजायच्या सुमारास धागा तुटला. त्यांनी टोकं घेतली, वळली, ओढली. हात तसाच चालला, जसा नेहमी चालायचा. ओढताना एकदा मनात आलं, आणि तरीही तो तेवढाच ओढला गेला. जित्याची खोड!

"उठा, भात वाढला," शोभाताई म्हणाल्या.

भैय्यालाल उठले नाहीत.

"उठा ना. थंडा होऊन राहिला."

"होऊ दे. तू आंधी तुह्यं काम कर."

"माह्यं कोनतं काम?"

"जे मी जेवाले उठल्यावर करतं."

शोभाताईंच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मागाकडे, मग जमिनीकडे. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा लाल झाला. "पोरीनं सांगतलं," त्या पुटपुटल्या.

"पोरीनं नाई सांगतलं. मी तवा नदीवर गेलोच नव्हतो. चपला राहिल्या होत्या माह्या."

 शोभाताईंनी पळी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि मागाजवळ आल्या. हात पुढे केला, परत मागे घेतला. एकतीस वर्षं ज्या मागाला त्यांनी रोज हात लावला त्यालाच नवऱ्यादेखत हात लावायला त्या लाजत होत्या.

"तुमी डोळे मिटा आंधी," त्या म्हणाल्या.

भैय्यालालांनी मुकाट्याने डोळे मिटले. बांगड्या वाजल्या. त्यांना वाटलं, आता ती धागा ढिला करेल आणि संपेल. पण शोभाताईंनी त्यांचंच मनगट धरलं, त्यांचा तळहात उघडला आणि ताण्यावर आडवा ठेवला. वरून आपला हात ठेवून हळूच दाबला. कोशाचे शेकडो धागे तळव्याखाली मऊ होऊन खाली गेले. एक गेला नाही. तो तळव्याला तसाच टोचत राहिला.

"हा पाहा," शोभाताई म्हणाल्या. "हा तुमचा."

भैय्यालालांनी डोळे उघडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची जोड सापडली होती, आणि तिच्यावरून हात उचलायचं त्यांच्या मनात येईना.